दयेची फाइल आणि फाशीचा न्याय

नोएडातील निठारी प्रकरणाच्या अखेरच्या खटल्यातूनही सुरेंद्र कोली याची सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२५ रोजी निर्दोष मुक्तता केली. आदल्याच संध्याकाळी लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला होता आणि राजधानी दुःखाने व संतापाने ढवळून निघाली होती. त्या कोलाहलात या निकालाकडे जायला हवे होते तितके लक्ष गेले नाही. वास्तविक फाशीच्या शिक्षेविषयी या देशात आजवर जे बोलले गेले, त्या साऱ्याचा फेरविचार करायला लावणारा हा निकाल आहे. ज्या इसमाला याच न्यायालयाने २०११ मध्ये फाशीस पात्र ठरवले, ज्याचा दयेचा अर्ज २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी फेटाळला आणि ज्याच्या फाशीची मेरठच्या तुरुंगात सिद्धता झाली होती, त्याच्याविरुद्धचा पुरावा विश्वासार्ह नव्हता, असे त्याच न्यायालयाला चौदा वर्षांनी म्हणावे लागले.

या निकालाशेजारी महाराष्ट्रातील एक प्रकरण ठेवून पाहावे लागते. जुलै २०१४ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी जे दयेचे अर्ज फेटाळले, त्यांत कोलीच्या अर्जाबरोबर कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या भगिनींचाही अर्ज होता. १९९० ते १९९६ या काळात कोल्हापूर, पुणे, नाशिक अशा शहरांतून तेरा मुलांना पळवल्याचा आणि त्यांतील अनेकांना ठार मारल्याचा आरोप या बहिणींवर होता. त्यांच्या आईचा खटला उभा राहण्यापूर्वीच तुरुंगात मृत्यू झाला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने या दोघींना फाशी सुनावली आणि ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच मुलांच्या खुनाबद्दल ती कायम केली. या प्रकरणात अपराधाविषयी कोणत्याही न्यायालयाला शंका वाटली नाही. तरीही १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. दयेच्या अर्जांवर निर्णय घेण्यास राज्य आणि केंद्र सरकारने मिळून जवळपास आठ वर्षे लावली, हे त्यामागचे कारण. सरकारी यंत्रणेच्या बेपर्वाईवर न्यायालयाने तेव्हा कठोर ताशेरे ओढले.

दोन्ही प्रकरणांत बळी गेली ती गरिबांची लहान मुले, आणि दोन्ही अर्ज एकाच महिन्यात फेटाळले गेले. दोन्हीकडे फाशी टळली तीही एकाच कारणाने. जानेवारी २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कोलीची फाशी रद्द केली, तेव्हा तेथील मुख्य न्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानेही दयेच्या अर्जाला लागलेल्या तीन वर्षे तीन महिन्यांच्या विलंबाकडेच बोट दाखवले होते. कोल्हापुरात या विलंबाने दोषी ठरलेल्यांची सुटका फासापासून केली. निठारीत जो दोषी ठरायलाच नको होता त्याची. फाइल वेळेत हलली असती तर गावित भगिनींना कायद्याने ठरवलेली शिक्षा झाली असती, आणि कोली २०२५ चा निकाल ऐकायला जिवंत राहिला नसता. सरकारी दिरंगाई झाली म्हणून न्याय होतो आणि दिरंगाई झाली म्हणूनच न्याय फसतो, अशी ज्या शिक्षेची अवस्था आहे, ती आधुनिक राज्याच्या हाती असावी काय, हा आजचा खरा प्रश्न आहे.

राज्यपाल ते राष्ट्रपती

फाशीच्या समर्थनाची वा विरोधाची चर्चा बहुधा न्यायालयाच्या निकालापाशी थांबते. प्रत्यक्षात निकालानंतरचा मार्ग अधिक लांब असतो. तुरुंग अधीक्षकाकडून अर्ज राज्याच्या गृह खात्याकडे जातो. घटनेच्या १६१व्या कलमाखाली राज्यपाल आणि ७२व्या कलमाखाली राष्ट्रपती दयेचा अधिकार वापरतात. मात्र हा अधिकार वैयक्तिक नाही. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे, असे ७४वे कलम सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या मारू राम खटल्यात तेच अधोरेखित केले. राष्ट्रपती फार तर एकदा फाइल फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. म्हणजे दया ही राष्ट्रपती भवनाच्या नावाने दिली जाते, पण ती ठरते गृह मंत्रालयात.

या मार्गावर मराठी नेत्यांनी मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या आहेत. २००४ ते २००८ या काळात शिवराज पाटील आणि २०१२ ते २०१४ या काळात सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री होते. २००७ ते २०१२ या काळात प्रतिभा पाटील राष्ट्रपती भवनात होत्या. या कालखंडाकडे नुसती नजर टाकली तरी फाशीचा निर्णय किती अनिश्चित असतो याची कल्पना येते. प्रतिभाताईंच्या आधीचे राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी पाच वर्षांत जेमतेम दोन प्रकरणे निकाली काढली. धनंजय चटर्जीचा अर्ज त्यांनी फेटाळला व त्याला १४ ऑगस्ट २००४ रोजी कोलकात्यात फाशी झाली. दुसऱ्या एकाची शिक्षा त्यांनी जन्मठेपेत बदलली. बाकीच्या फाइली तशाच राहिल्या. प्रलंबित प्रकरणांत सामाजिक व आर्थिक विषमतेची छाया दिसली, असे कलाम यांनी पुढे नमूद केले आहे. प्रतिभा पाटील यांनी तीसहून अधिक जणांची फाशी रद्द केली. त्यानंतर आलेल्या प्रणव मुखर्जी यांनी जवळपास तितक्याच अर्जांना नकार दिला. या बदलत्या निर्णयांच्या काळात कैद्यांचे गुन्हे होते तेच होते आणि कायदाही तोच होता. बदलले होते ते राष्ट्रपती, गृहमंत्री आणि राजकीय हवामान.

या यंत्रणेचा आंधळेपणा दाखवणारे एक उदाहरण दिल्लीच्या राजकीय वर्तुळात बरेच दिवस चर्चिले गेले. जून २०१२ मध्ये प्रतिभाताईंची कारकीर्द संपत आली असताना ज्यांची फाशी रद्द झाली, त्यांतील एक कैदी २००७ मध्येच बेळगावच्या तुरुंगात मरण पावला होता. राज्य सरकार, गृह मंत्रालय आणि राष्ट्रपती सचिवालय या तिन्ही ठिकाणी पाच वर्षे ती फाइल जिवंत होती. ज्या यंत्रणेला अर्जदार हयात आहे की नाही याचाही पत्ता नसतो, तिच्या हाती एखाद्याने जगावे की मरावे हा अंतिम निर्णय असतो.

फाइलीचे राजकारण

दिरंगाई नेहमी आळसापोटीच होते असेही नाही. कोणती फाइल दाबायची आणि कोणती एकाएकी वर काढायची, याचे दिल्लीत एक गणित असते. संसदेवर १३ डिसेंबर २००१ रोजी झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात अफझल गुरूची फाशी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००५ मध्ये कायम केली. पुढच्या वर्षी दयेचा अर्ज आला आणि त्यानंतर चार वर्षे तो शीला दीक्षित यांच्या दिल्ली सरकारकडे पडून राहिला. केंद्राकडून स्मरणपत्रे येत राहिली. भारतीय जनता पक्षाने या विषयावर संसदेत व संसदेबाहेर काँग्रेसला सतत धारेवर धरले. अखेर फेब्रुवारी २०१३ मध्ये अर्ज फेटाळला गेल्यावर अवघ्या सहा दिवसांत, ९ फेब्रुवारीच्या सकाळी, तिहारमध्ये फाशी उरकण्यात आली. कुटुंबाला कळवणारे टपाल फाशीनंतर पोचले. त्याआधी अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली, ती संसदेचे हिवाळी अधिवेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. या तारखांमागे हेतू शोधणे हा तर्काचा भाग झाला. परंतु सात वर्षे न हललेली फाइल एका आठवड्यात तडीस जाते, तेव्हा ती केवळ कायद्याच्या बळावर हलली असे कोणी म्हणणार नाही.

याच्या नेमके उलट चित्र तमिळनाडू आणि पंजाबमध्ये दिसले. राजीव गांधी यांच्या मारेकऱ्यांचे दयेचे अर्ज अकरा वर्षे रखडले. ऑगस्ट २०११ मध्ये ते फेटाळले गेले, तेव्हा तमिळनाडू विधानसभेने फेरविचाराची विनंती करणारा ठराव एकमताने संमत केला. फेब्रुवारी २०१४ मध्ये विलंबाच्या कारणावरून त्यांची फाशी रद्द झाली आणि २०२२ मध्ये ते तुरुंगातून बाहेरही आले. पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग यांच्या हत्येत फाशी झालेल्या बलवंतसिंग राजोआणा याच्या वतीने २०१२ मध्ये दयेचा अर्ज गेला. २०१९ मध्ये गुरू नानक यांच्या साडेपाचशेव्या जयंतीनिमित्त त्याची फाशी रद्द होणार, असे सरकारकडून सूचित झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत अशी माफी दिली नसल्याचे सांगितले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय सरकारवर सोपवला. अर्ज दाखल होऊन एक तप उलटले तरी सरकार तो मान्यही करेना आणि फेटाळीही ना. ज्याच्या पाठीशी एखाद्या राज्याची विधानसभा वा एखादा प्रभावी पंथ उभा राहतो, त्याच्या फाइलीला स्पर्श करताना सरकार शंभरदा विचार करते. भटक्या जमातीतील मजुरासाठी कोणती विधानसभा ठराव करणार?

दुर्मिळातील दुर्मीळ

हा प्रश्न काल्पनिक नाही. नाशिकजवळ २००३ मध्ये एका कुटुंबावर हल्ला होऊन पाच जणांची हत्या झाली. या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. परंतु २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सर्वांनाच फाशी ठोठावली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चार इसमांना ओळखले होते. ही बाब तपासात बाजूला सारली गेली होती. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. या सहा जणांनी सोळा वर्षे तुरुंगात काढली.

फाशी 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणातच द्यावी, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात घालून दिला. निकाल चार विरुद्ध एक असा होता. न्या. पी. एन. भगवती यांनी वेगळे मत नोंदवताना हीच भीती व्यक्त केली होती, की कोणाला फाशी होणार हे गुन्ह्यापेक्षा पीठावर कोण बसले आहे यावर ठरेल. ती अनाठायी नव्हती. गुन्हेगाराची परिस्थिती न पाहता केवळ गुन्ह्याचे स्वरूप पाहून फाशी दिल्याने आपलेच काही निकाल चुकले, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात मान्य केले. त्याचा आधार घेऊन २०१२ मध्ये न्या. पी. बी. सावंत, न्या. ए. पी. शहा यांच्यासह चौदा माजी न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली. चुकीच्या निकषावर फाशी सुनावलेल्या तेरा कैद्यांची शिक्षा रद्द करावी, अशी त्यांची विनंती होती. अशा सदोष निकालांनुसार दोघांना त्यापूर्वीच, १९९६ व १९९७ मध्ये, फाशी देऊन झाली होती, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. अशी चूक उघड झाल्यावर दुरुस्त काय करायचे, याचे उत्तर कोणत्याच कायद्यात नाही.

द्वारका येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते. सुमारे ७६ टक्के मागास जाती-जमाती वा धार्मिक अल्पसंख्याक समाजांतील होते. २००० ते २०१५ या काळात सत्र न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी अखेरपर्यंत टिकल्या त्या शंभरातील पाचही नाहीत. तीस टक्क्यांच्या आसपास लोक तर निर्दोष ठरले. एखाद्या कारखान्यातला निम्म्याहून अधिक माल सदोष म्हणून परत येऊ लागला तर तो कारखाना बंद करून दोष शोधला जाईल. न्यायव्यवस्थेत मात्र हे सारे वरच्या न्यायालयाने चूक सुधारल्याचे प्रशस्तिपत्र म्हणून मिरवले जाते. २०२३ अखेर देशातील तुरुंगांत फाशीचे ५६१ कैदी होते. या शतकात प्रत्यक्ष फाशी झाली ती आठ जणांना. उरलेल्यांसाठी खरी शिक्षा असते ती फासाच्या सावलीत वर्षानुवर्षे झुरत राहण्याची, आणि ती कोणत्याही न्यायालयाने सुनावलेली नसते.

मुदतीचे औषध

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने १ जुलै २०२४ पासून दयेच्या अर्जांसाठी प्रथमच वेळापत्रक घालून दिले. कैद्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. राज्य सरकारचे अभिप्राय आणि तुरुंगाची कागदपत्रे आल्यापासून साठ दिवसांत केंद्राने राष्ट्रपतींना शिफारस करायची. निर्णय झाल्यावर तो अठ्ठेचाळीस तासांत कळवायचा. वरकरणी ही सुधारणा स्वागतार्ह वाटते. बारकाईने पाहिल्यास राज्य सरकारने अभिप्राय किती दिवसांत द्यावा यावर बंधन नाही आणि राष्ट्रपतींच्या निर्णयालाही मुदत नाही. म्हणजे ज्या दोन ठिकाणी फाइल राजकारणासाठी अडकते, ती ठिकाणे मोकळीच राहिली. घड्याळ लावले गेले ते प्रामुख्याने तुरुंगातल्या अर्जदाराला, ज्याच्यापाशी बहुधा धड वकीलही नसतो. शिवाय दयेच्या निर्णयाची कोणतेही न्यायालय चौकशी करणार नाही, असेही याच कलमात लिहून ठेवले आहे. गावित भगिनी आणि कोली या दोन्ही प्रकरणांत उच्च न्यायालयांनी हस्तक्षेप केला तो याच अधिकाराने. पुण्यातील बीपीओ कर्मचारी तरुणीच्या २००७ मधील हत्येतही दोघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विलंबामुळेच रद्द केली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम करताना राज्यांनी दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष उभारावेत, असे आदेश दिले.

कक्ष उभारले, मुदती पाळल्या, तर दिरंगाई कमी होईल हे मान्य. पण मुदत केवळ दिरंगाईवर औषध आहे, चुकीवर नाही. नाशिकच्या प्रकरणातील चूक सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दहा वर्षांनी उघडकीस आली, निठारीतील चौदा वर्षांनी. नव्या वेळापत्रकात ही चूक उघडकीस येण्याआधीच शिक्षा अमलात आली असती. नागपूरच्या एका प्रकरणात राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळल्यानंतरही ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा प्रश्न नव्याने ऐकण्याचा निर्णय दिला. कैद्याच्या परिस्थितीचा विचार आधी नीट झालाच नव्हता. फाशी सावकाश दिली तर ती क्रूर ठरते आणि तातडीने दिली तर धोक्याची. यातून सुटण्याची वाट प्रशासकीय सुधारणांत सापडणार नाही.

संसदेचे मौन

ती वाट संसदेतून जाते, आणि संसदेने हा विषय सतत टाळला आहे. घटना समितीत झेड. एच. लारी यांनी फाशी रद्द करण्याची दुरुस्ती मांडली होती. ती मान्य झाली नाही. ३ जून १९४९ रोजी फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावे की नाही यावर चर्चा सुरू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण फाशीच रद्द करण्याच्या बाजूचे आहोत, असे स्पष्ट सांगितले. हा देश आचरणात नसला तरी तत्त्व म्हणून अहिंसा मानतो, मग त्याने फाशी ठेवू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा निर्णय त्यांनी पुढच्या संसदेवर सोपवला. १९५८ मध्ये राज्यसभेत पृथ्वीराज कपूर यांनी यासंबंधी ठराव मांडला आणि चर्चेनंतर मागे घेतला. १९६२ मध्ये लोकसभेत रघुनाथ सिंह यांच्या ठरावावरील चर्चेनंतर विषय विधी आयोगाकडे गेला. देशाची परिस्थिती पाहता फाशी रद्द करण्याचा प्रयोग परवडणार नाही, असे आयोगाने १९६७ मध्ये सांगितले. पुढे ३१ ऑगस्ट २०१५ रोजी न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस केली. तीन सदस्यांनी भिन्न मते नोंदवली. त्यांतील दोघे सरकारचे पदसिद्ध प्रतिनिधी होते. संसदेत त्या अहवालावर अंगाला लावून घेऊन चर्चा झाली नाही.

त्यानंतर संसद चालली ती उलट दिशेने. निर्भया प्रकरणानंतर न्या. जे. एस. वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशी नको, असा विचारपूर्वक सल्ला दिला होता. जानेवारी २०१३ मधील त्या अहवालाची शाई वाळण्यापूर्वीच सरकारने अध्यादेश काढून काही प्रकारांत फाशीची तरतूद केली. २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलींवरील बलात्कारासाठी फाशी आली. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक संमत करून दिल्लीला पाठवले. प्रत्येक वेळी क्रम तोच होता: भीषण गुन्हा, लोकक्षोभ, कडक कायद्याची घोषणा आणि सभागृहात सर्वपक्षीय बाके वाजणे. तपास, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सरकारी वकिलांच्या रिकाम्या जागा यांसाठी बाके वाजत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय न्याय संहिता मंजूर झाली, तेव्हा फाशीपात्र गुन्हे दंडसंहितेतील अकरावरून पंधरा झाले. गृहविषयक स्थायी समितीने फाशीचा मुद्दा सरकारच्या विचारावर सोडून दिला होता. आणि विधेयके संमत झाली त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षांचे १४६ सदस्य निलंबित होते. देहदंडाची व्याप्ती वाढवणारा कायदा विरोधी बाके ओस पडलेली असताना व्हावा, हे प्रजासत्ताकाला शोभणारे नव्हते.

दुसरी बाजू

फाशीच्या समर्थकांचा युक्तिवाद दुबळा नाही, आणि विरोधकांनी तो हसण्यावारी नेऊ नये. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर निरपराधांवर गोळ्या झाडणाऱ्या कसाबच्या अपराधाविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. कंदाहारला १९९९ मध्ये प्रवाशांच्या बदल्यात मसूद अझहरला सोडावे लागल्याची सल अजून ताजी आहे. कैदेतला दहशतवादी नव्या अपहरणाचे निमित्त ठरू शकतो, या म्हणण्यात तथ्य आहे. २० मार्च २०२० च्या पहाटे निर्भयाच्या चार गुन्हेगारांना तिहारमध्ये फाशी झाली, तेव्हा सात वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या तिच्या मातापित्यांना समाधान वाटले असेल, तर त्यांना नीतीचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मात्र दहशतवादाच्या प्रश्नातही राज्यसंस्थेची भूमिका वाटते तितकी ठाम नाही. १९९३ च्या मुंबई स्फोट खटल्यात याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपुरात फाशी झाली. त्याच कटातील अबू सालेमला मात्र ती देता येत नाही, कारण त्याला पोर्तुगालमधून आणण्यासाठी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी फाशी न देण्याची हमी दिली होती. ज्या देशांनी फाशी रद्द केली आहे ते अशा हमीविना आरोपी सोपवत नाहीत, म्हणून आपल्या प्रत्यार्पण कायद्यातच १९९३ पासून जन्मठेपेची पर्यायी तरतूद आहे. म्हणजे परदेशी पळून गेलेल्याच्या बाबतीत भारत जन्मठेप पुरेशी मानतो, आणि भारतात सापडलेल्याच्या बाबतीत ती अपुरी ठरवतो. शंभराहून अधिक देशांनी फाशी पूर्णपणे रद्द केली असताना संयुक्त राष्ट्रांतील स्थगितीच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या भारताला ही विसंगती कधीतरी निस्तरावी लागेल.

फाशीची मागणी इतकी जोरकस का होते, याचे आणखी एक कारण आहे: लोकांचा जन्मठेपेवर विश्वास उरलेला नाही. बिल्किस बानो प्रकरणातील अकरा दोषींना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला, तोवर व्हायची ती हानी झाली होती. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांनी वशिल्याने उघडणारे दार, असा समज असेल तर पीडिताचे आप्त फाशीच मागणार. यावरचा उपाय सर्वोच्च न्यायालयाने आधीच दाखवला आहे. २००८ मध्ये त्या न्यायालयाने आणि पुन्हा २०१५ मध्ये त्याच्या घटनापीठाने उच्च न्यायालये व सर्वोच्च न्यायालय यांना फाशीऐवजी शिक्षेत सूट नसलेली, ठरावीक दीर्घ मुदतीची वा अखेरच्या श्वासापर्यंतची कैद देता येईल, असे मान्य केले. अशी शिक्षा समाजाचे रक्षण करते, अपराध्याला मोकळे सोडत नाही, आणि पुढे चूक आढळली तर तुरुंगाचे दार उघडताही येते.

तेव्हा संसदेपुढे कामाची यादी लांबलचक नाही. विधी आयोगाच्या २०१५ च्या अहवालावर पक्षादेशाविना दोन्ही सभागृहांत चर्चा व्हावी. ती होऊन निर्णय लागेपर्यंत फाशीच्या अंमलबजावणीला स्थगिती असावी. सूट नसलेल्या जन्मठेपेला कायद्यात स्पष्ट स्थान मिळावे, म्हणजे ती एखाद्या सरकारच्या मर्जीवर राहणार नाही. आणि दयेच्या प्रत्येक अर्जाबाबत गृह मंत्रालयाने काय शिफारस केली व का केली, हे कालांतराने तरी संसदेसमोर ठेवले जावे. फाशी पूर्ण रद्द करायची, की आयोगाने सुचवल्याप्रमाणे दहशतवादाचा अपवाद ठेवायचा, यावर मतभेद होतील. ते सभागृहात उघडपणे मांडले जावेत. आज तो निर्णय घेतो एखाद्या खात्यातला अवर सचिव, फाइल वर ठेवायची की खाली यावर.

११ नोव्हेंबरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक खंत व्यक्त केली आहे. इतक्या दीर्घ तपासानंतरही निठारीतील मुलांचा खरा मारेकरी कोण, हे कायद्याच्या कसोटीवर सिद्ध झाले नाही. कोलीला २०१४ मध्ये फाशी झाली असती तर सरकारी दफ्तरात हे प्रकरण न्याय मिळाला म्हणून बंद झाले असते आणि हा प्रश्न कोणी विचारलाही नसता. निठारीत ज्यांची मुले गेली, त्या कुटुंबांना फाशीही मिळाली नाही आणि सत्यही नाही. त्यांचे राज्याकडून जे येणे आहे, ते चोख तपासाने फेडायचे असते. देहदंडाच्या घोषणेने ते आजवर फिटलेले नाही.